आवाजाचं बटण

बारावीच्या वर्षी माझे दोन शत्रू होते: ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि आमचा टीव्ही.

वरळीच्या बीडीडी चाळीत आमची खोली १६० चौरस फुटांची. त्यात आई, बाबा, आबा, आजी, दादा आणि मी. एक पलंग, एक लोखंडी कपाट, कोपऱ्यात मोरी आणि पलंगासमोर टीव्ही. आबांना ऐकू फार कमी यायचं, म्हणून आवाज कायम शेवटच्या काडीपर्यंत वाढवलेला. सातच्या बातम्या, मग मालिका, मग पुन्हा बातम्या. मी पलंगाला टेकून, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कानांत अंगठे घालून वाचायचे. कानांत अंगठे घातले की पान उलटायला हात उरत नाही, हे तेव्हा कळलं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी माझा तोल सुटला. "आबा, बंद करा ना तो टीव्ही! परीक्षा माझी आहे!" आबांना ऐकू जावं म्हणून ओरडावंच लागायचं, त्यामुळे ते अख्ख्या मजल्याने ऐकलं. आबांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. काही बोलले नाहीत. आजीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. खोली शांत झाली आणि त्या शांततेत मला एक ओळसुद्धा वाचता आली नाही.

ही गोष्ट २००९ सालची. आता मी एका ऑफिसात काम करते, जिथे भिंती नाहीत, फक्त लांबलचक टेबलं आहेत. कानांत महागाचे हेडफोन असतात. ते काढले की मागच्या टेबलावरच्या माणसाचं गृहकर्ज आणि त्याच्या मुलीची केजी अ‍ॅडमिशन थेट माझ्या डोक्यात शिरते. मागच्या वर्षी एकाच कामात तिसऱ्यांदा चूक झाली, तेव्हा वैतागून मी वाचायला घेतलं, की आवाजाने माणसाचं लक्ष नेमकं का उडतं आणि आपल्या आधीच्या माणसांनी त्यावर काय काय केलं. वाचता वाचता दोन हजार वर्षं मागे गेले, आणि शेवटी परत त्याच खोलीत, त्याच टीव्हीसमोर येऊन बसले.

तक्रार जुनीच आहे

रोममध्ये सेनेका नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला माणूस. म्हातारपणी त्याने आपल्या एका मित्राला बरीच पत्रं लिहिली. त्यांतलं छप्पन्नावं पत्र अख्खं आवाजावर आहे. सेनेका तेव्हा एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहत होता. खाली व्यायाम करणाऱ्यांचे हुंकार, मालिश करणाऱ्याच्या तळहाताचे फटके, पाण्यात उड्या मारणारे, अंगावरचे केस उपटून देणाऱ्याची आरोळी, खाऊ विकणाऱ्यांच्या वेगवेगळ्या हाका. चाळीत राहिलेल्या माणसाला हे पत्र वाचताना अजिबात परकं वाटत नाही.

त्यात सेनेकाने एक बारीक निरीक्षण नोंदवलंय. नुसत्या गोंगाटापेक्षा माणसाचा आवाज जास्त त्रास देतो, असं तो म्हणतो. गोंगाट फक्त कानांवर आदळतो, बोलणं मात्र मनाला आपल्याकडे ओढून नेतं. हे निरीक्षण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाकी पत्रभर तो मित्राला समजावतो, की खरी शांतता मनात असते, मन स्थिर असेल तर बाहेर काहीही चालू दे. वाचून आपल्याला लाज वाटायला लागते. आणि मग शेवटी तो सांगतो, की हे सगळं खरं असलं तरी मी इथून मुक्काम हलवणार आहे, उगाच त्रास का सोसायचा?

मला त्याचा राग आला नाही, हेवा वाटला. सेनेका रोममधल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक होता. मन स्थिर नाही झालं तर त्याच्याकडे दुसरं घर होतं.

एक चतुर्थांश आयुष्य

आता १८६४ सालच्या लंडनमध्ये येऊ. चार्ल्स बॅबेज, ज्याला आपण कॉम्प्युटरचा आजोबा म्हणतो, तो तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. आकडेमोड करणाऱ्या यंत्रांची स्वप्नं बघण्यात आयुष्य गेलेलं. पण त्या वर्षी आलेल्या त्याच्या आत्मचरित्रात एक मोठं प्रकरण यंत्रांवर नाही, रस्त्यावरच्या त्रासावर आहे. खिडकीखाली येऊन हातऑर्गन फिरवणारे, ढोल, ब्रास बँड, भोंगे, ओरडणारे फेरीवाले. या सगळ्यांनी मिळून आपली काम करण्याची एक चतुर्थांश शक्ती खाऊन टाकली, असा त्याचा हिशोब होता. गणितीच तो, त्रासाचाही अपूर्णांक काढला.

बॅबेज एकटा नव्हता. मायकेल बास नावाच्या खासदाराने रस्त्यावरच्या संगीताविरुद्ध विधेयक आणलं, तेव्हा चार्ल्स डिकन्स, टेनिसन, कार्लाइल अशा मंडळींनी त्याला सह्या करून पाठिंबा दिला. १८६४ मध्ये कायदा झाला. घरात कोणी आजारी असेल किंवा घरातल्या कोणाच्या रोजच्या कामात व्यत्यय येत असेल, तर घरमालकाला वादकाला तिथून जायला सांगता येऊ लागलं. माझ्या कामात व्यत्यय येतोय, हे कारण कायद्याने मान्य केलं.

मी बॅबेजच्या बाजूने वाचत होते. मीही कानांत अंगठे घालून बसलेली मुलगी. पण मग ते ऑर्गनवाले कोण होते हे वाचलं. त्यांतले बरेचसे इटलीतून पोटासाठी आलेले गरीब लोक. त्यांचं काम म्हणजेच तो आवाज. आणि ज्या वस्त्यांत नाटकाचं तिकीट कोणाला परवडत नव्हतं, तिथे तेच संगीत होतं. बॅबेजचे शेजारी, पोरंटोरं त्याच्या खिडकीखाली मुद्दाम वाद्यं वाजवायला लावायचे, रस्त्यात मागे लागून त्याची टर उडवायचे. त्यांच्या दृष्टीने हा म्हातारा गल्लीतली मजा बंद करायला निघाला होता.

सही करणाऱ्यांतल्या थॉमस कार्लाइलने आधीच स्वतःपुरता दुसरा उपाय करून पाहिला होता. चेल्सीमधल्या आपल्या घराच्या माथ्यावर १८५३–५४ मध्ये त्याने अभ्यासाची एक खास खोली बांधून घेतली. दुहेरी भिंती, उजेडासाठी छतातून काच, आवाज येऊच नये अशी व्यवस्था. खोली फसली. जवळचे आवाज दबले, तर दूरचे ऐकू यायला लागले. तरीही वर्षानुवर्षं तिथेच बसून त्याने फ्रेडरिक द ग्रेटचं भलंमोठं चरित्र लिहिलं. आणि शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांचे आरवणारे कोंबडे गप्प करायची बोलणी कोणी करायची? बायकोने, जेनने.

त्याच देशात, पन्नासेक वर्षांआधी, जेन ऑस्टिन चॉटनच्या घरात सगळ्यांच्या वावराच्या खोलीत बसून कादंबऱ्या लिहीत होती. तिच्या भाच्याने लिहून ठेवलंय, की त्या खोलीकडे येणारं एक दार उघडताना कुरकुरायचं आणि ती ते दुरुस्त करू द्यायची नाही. दार वाजलं, की कोणीतरी येतंय हे कळायचं आणि लिहिलेला कागद झाकता यायचा. कार्लाइलने आवाज बाहेर ठेवायला भिंती बांधल्या. ऑस्टिनकडे भिंती नव्हत्या, म्हणून तिने एक आवाज कामाला लावला.

साचेखातं

पण आवाजाने कामात व्यत्यय येतो, हे वाक्य फक्त लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांसाठी होतं. ज्यांचं कामच आवाजात होतं, त्यांना कोणी विचारलं नाही.

आबा १९५६ साली कोकणातून मुंबईला आले आणि गिरणीत साचेखात्यात लागले. साचा म्हणजे माग, कापड विणायचं यंत्र. त्यात धोटा इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेरीला लाकूड-लोखंडावर आदळतो. एका साच्यात मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. अशा शेकडो साच्यांचं एक खातं. विणकामाच्या शेडमधला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी नव्वद डेसिबल ही मर्यादा धरतात. शंभर आणि नव्वद हे आकडे जवळचे वाटतात, पण डेसिबलची मोजणी अशी असते, की दहाने आकडा वाढला म्हणजे आवाजाची ताकद दहापट झाली.

साचेखात्यात कोणी कोणाशी बोलत नसे, असं आबा सांगायचे. म्हणजे बोलायचे, पण आवाजाशिवाय. ओठ मोठे हलवायचे, हातांच्या खुणा करायच्या. चहाची खूण वेगळी, साहेब आला याची वेगळी. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बायकाही अशाच ओठांनी बोलायच्या, हे मी खूप नंतर वाचलं. हजारो मैल लांब असलेल्या दोन जागी एकाच यंत्राने माणसांना एकच भाषा शिकवली.

गंमत म्हणजे, कारखान्यातल्या आवाजाचा विचार झाला तो उत्पादन वाढवण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात, २३ जून १९४० रोजी बीबीसीने कामगारांसाठी एक खास कार्यक्रम सुरू केला. कंटाळवाण्या कामात हात मंदावू नयेत म्हणून सकाळ-दुपार अर्धा अर्धा तास सलग उडत्या चालीचं संगीत कारखान्यांतल्या लाऊडस्पीकरवर वाजायचं. त्याचे नियम होते. चाल ठळक हवी, मन फार गुंतवणारं काही नको. एका लोकप्रिय अमेरिकन गाण्यात मधेच टाळ्या वाजवायचा ठेका होता. ते गाणं या कार्यक्रमातून वगळलं, कारण कामगार हत्यारं खाली ठेवून टाळ्या वाजवतील अशी भीती होती! हा कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला. आज आपण अभ्यासाला जे शब्द नसलेलं, एकसारखं वाहणारं लोफाय लावतो, त्याचा हा एक पूर्वज. फरक इतकाच, की तेव्हा काय वाजणार आणि कधी थांबणार, हे ऐकणाऱ्याच्या हातात नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साधारण अडीच लाख कामगार बाहेर पडले. आबांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा कधी उघडलीच नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीतून त्यांनी घरी काय आणलं, तर थोडी भांडी, एक घड्याळ आणि बहिरेपण.

न दाबलेलं बटण

आता प्रयोगशाळेत जाऊ. अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी साठच्या दशकाच्या शेवटी काही प्रयोग केले. १९७२ मध्ये त्यांचं शहरी ताणावरचं पुस्तक आलं. प्रयोग असा: माणसाला एका खोलीत बसवून कामं द्यायची आणि मधून मधून १०८ डेसिबलचा कर्कश आवाज ऐकवायचा. त्या आवाजात स्पॅनिश आणि आर्मेनियन बोलणारी माणसं, टाइपरायटर, हिशोबाचं यंत्र, सगळं एकावर एक मिसळलेलं.

काही जणांच्या हाताशी एक बटण दिलं. सांगितलं, अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बाकीच्यांना बटण नव्हतं. आवाज दोन्ही गटांना तेवढाच ऐकवला, कारण बटण जवळपास कोणी दाबलंच नाही.

आवाज चालू असताना दोन्ही गटांचं काम ठीकच झालं. माणूस सवय करून घेतो. खरा फरक दिसला आवाज थांबल्यावर. शांत खोलीत त्यांना कोडी दिली, ज्यांतली काही मुळात सुटणारीच नव्हती, आणि मजकुरातल्या चुका शोधायला सांगितल्या. ज्यांच्याकडे बटण नव्हतं, त्यांनी कोडी लवकर सोडून दिली, चुकाही जास्त निसटल्या. ज्यांच्याकडे बटण होतं, ते जास्त वेळ टिकून राहिले.

हे वाचून मी थांबले. फेब्रुवारीतली ती संध्याकाळ आठवली, टीव्ही बंद झाल्यावरही न वाचता आलेली ओळ आठवली. आवाजाची किंमत आवाज संपल्यावरही द्यावी लागते. आणि ती किती द्यायची हे फक्त डेसिबलवर ठरत नाही. तो थांबवणं आपल्या हातात आहे की नाही, यावरही ठरतं.

सेनेकाच्या निरीक्षणालाही प्रयोगशाळेने दुजोरा दिला. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श या संशोधकांनी लोकांना पडद्यावर अक्षरं दाखवून ती क्रमाने लक्षात ठेवायला सांगितली. मागे कोणीतरी जर्मन भाषेत वाचत होतं. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं, लक्ष देऊ नका असंही सांगितलं होतं, तरी चुका वाढल्या. पुढच्या संशोधनातून दिसलं, की सतत बदलणारा आवाज स्मरणाच्या कामात सगळ्यात जास्त लुडबुड करतो. पंख्याची घरघर एकसारखी असते, मेंदू ती बाजूला ठेवतो. बोलण्यात प्रत्येक क्षणी काहीतरी बदलतं. त्यात भाषा कळत असेल तर वाचताना अर्थही मधे येतो. म्हणून मालिकेतल्या सासूचा आवाज पंख्याइतकाच मोठा असला, तरी अभ्यासाची वाट तीच लावते.

सगळ्या कामांचं असंच होतं असं नाही. २०१२ मध्ये रवी मेहता आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत साधारण सत्तर डेसिबलच्या, कॉफीच्या दुकानात असते तशा गलबल्यात लोकांना नवीन कल्पना जास्त सुचल्या. आवाज पंच्याऐंशीवर नेल्यावर तो फायदा गेला. पण हेही लक्षात घ्या, की कॉफीच्या दुकानात आपण आपल्या पायांनी गेलेलो असतो आणि उठून जाऊ शकतो.

रुळांच्या बाजूची शाळा

मुलांना मात्र उठून जाता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला एक सरकारी प्राथमिक शाळा आहे. तिच्या एका बाजूने उंचावरच्या पुलावरून मेट्रो जायची, साधारण दर साडेचार मिनिटांनी. गाडी जाईपर्यंत शिक्षकांना बोलणं थांबवावं लागे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने तिथल्या मुलांचे वाचनाचे गुण तपासले. तुलना करायला वेगळी शाळा शोधायची गरजच नव्हती. त्याच इमारतीत पलीकडच्या बाजूला शांत वर्ग होते. १९७५ मध्ये निष्कर्ष आला: रुळांच्या बाजूची मुलं वाचनात मागे होती, सहावीपर्यंत जवळपास वर्षभराने.

त्या फक्त अभ्यास छापून थांबल्या नाहीत. पाठपुरावा झाला, मेट्रोवाल्यांनी रुळांखाली रबराचे पॅड घातले आणि शाळेच्या गोंगाटाच्या बाजूच्या वर्गांना आवाज शोषणारी छतं बसवली. काही वर्षांनी पुन्हा गुण तपासले. १९८१ मध्ये छापलेल्या अभ्यासात दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरला नव्हता.

मला हा सगळ्या इतिहासातला सर्वात सुंदर प्रयोग वाटतो. त्या मुलांना कोणी मन एकाग्र करायला शिकवलं नाही. रुळांखाली रबर घातलं.

आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचा शांतता पट्टा. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी. निवासी भागात दिवसा पंचावन्न, रात्री पंचेचाळीस डेसिबल. कागदावर आकडे चांगले आहेत. पण खोलीच्या आतल्या आवाजाला, सहा माणसं आणि एकच दिवा असलेल्या घराला नियम लागू होत नाहीत.

रात्रीचे दोन

अशा घरातून शिकलेल्या एका मुलाची गोष्ट आम्हाला चाळीत लहानपणापासून सांगितली जायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुभेदार रामजी सपकाळ साताऱ्याहून मुंबईत आले आणि परळ भागातल्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. खोलीत भांडी, सरपण, धूर, जातं, शेळीसुद्धा. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये होते. त्या खोलीत दिवसा अभ्यास होणं शक्य नव्हतं. मग वडिलांनी वाट काढली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचं. वडील जागे राहायचे आणि रात्री दोनच्या सुमाराला मुलाला उठवून मग स्वतः झोपायचे. चाळ झोपलेली असताना रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यावर अभ्यास व्हायचा. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले.

ही गोष्ट आम्हाला कायम जिद्दीची म्हणून सांगितली गेली, आणि ती आहेच. पण आता मला तिच्यात वडील जास्त दिसतात. जागेची शांतता विकत घेता येत नव्हती, म्हणून त्यांनी वेळेची शांतता शोधली आणि आपली झोप देऊन ती मुलाला आणून दिली. पुढे बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं, तेव्हा त्यात पुस्तकांसाठी प्रशस्त जागा ठेवली. त्या हौसेच्या मागे मला डबक चाळीतली ती खोली दिसते.

त्याच्याही आधी, रमाबाई रानड्यांना न्यायमूर्ती रानडे घरी शिकवायचे तेही रात्रीच. घरातल्या बायकांना तिचं शिकणं मान्य नव्हतं, दिवसभर टोमणे चालायचे. १९१० साली आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी हे लिहून ठेवलंय. टोमणा फार मोठ्या आवाजात नसतो. पण लक्ष उडवण्यात त्याच्यापुढे ब्रास बँडही फिका.

आमच्या वरळीतही रात्रीची शांतता शोधायची एक जागा होती, आजही आहे. सुदाम काळू अहिरे मार्गाला सगळे अभ्यास गल्ली म्हणतात. रहदारी कमी, झाडं, रस्त्यावरचे दिवे. चाळींतली मुलं पुस्तकं घेऊन तिथे बसतात, उभ्याने पाठ करतात, फेऱ्या मारत उजळणी करतात. अलीकडे तिथे बसायची सोय आणि दिवेही चांगले झालेत. दादा रात्री दहाला जेवून तिथे जायचा आणि दीड-दोनला परत यायचा. मला नऊला घरात यावं लागायचं. मुलगी रात्री रस्त्यावर अभ्यास करणार म्हटल्यावर आईने एकच शब्द उच्चारला: "नाही." तिचं चुकलं असंही आज म्हणवत नाही. पण गल्ली दादाची झाली आणि टीव्ही माझ्या वाट्याला आला.

रिमोट

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सातला आबांनी टीव्ही लावला, पण आवाज शून्यावर ठेवून. बातम्या देणारी बाई समोर बघून बोलायची, तिचं त्यांना कळायचं. सव्वीस वर्षं ओठ वाचलेला माणूस तो. मालिकेत पात्रं पाठ फिरवून बोलायला लागली की त्यांचा चेहरा पडायचा, मग आजी खुणेने काहीतरी सांगायची. आणि रिमोट त्यांनी स्वतःजवळ ठेवला नाही. माझ्या वहीशेजारी ठेवला. "घे बाय, तुझ्याकडे राहू दे," एवढंच म्हणाले.

पुढच्या काही दिवसांत एक विचित्र गोष्ट झाली. मीच अधूनमधून आवाज वाढवायला लागले. क्रिकेट असलं की, कोर्टाची मोठी बातमी असली की. पूर्वी जितका असायचा त्याच्या निम्म्यावर. आणि तो मला पूर्वीसारखा बोचत नव्हता. केमिस्ट्री तशीच अवघड होती, पण मी भिंतीकडे तोंड करणं सोडलं. तेव्हा वाटलं मी समजूतदार झाले. आता ग्लास आणि सिंगर यांचं वाचल्यावर वाटतं, आबांनी माझ्या हातात बटण दिलं होतं.

आज माझ्या कानांतले हेडफोन म्हणजे तेच बटण, फक्त स्वतःच्या पगारातून घेतलेलं. आवाज आवाजानेच खोडायची कल्पना १९३०च्या दशकापासूनची. त्याला हेडफोनचं रूप द्यायचं अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचलं. इंजिनाच्या घरघरीसारखा एकसारखा आवाज हे हेडफोन छान गिळतात. बोलणं मात्र थोडंफार झिरपतंच. म्हणून त्यावर आपण पावसाचा आवाज लावतो, लोफाय लावतो, आणि मागच्या टेबलावरचं गृहकर्ज पुसट होतं. मी तुम्हाला हेडफोन काढा असं सांगणार नाही. मी स्वतः काढत नाही. फक्त आपली शांतता कोणाच्या खर्चाने येते हे बघायची मला आता सवय लागलीय. बॅबेजची ऑर्गनवाल्यांच्या पोटावरून आली, कार्लाइलची जेनच्या येरझाऱ्यांतून, भीमरावांची वडिलांच्या झोपेतून. माझी आबांच्या मुक्या टीव्हीतून आली.

आबा २०१४ साली गेले. शेवटच्या वर्षी त्यांना जवळजवळ काहीच ऐकू यायचं नाही. एकदा रात्री मी पाणी प्यायला उठले, तर ते पलंगावर बसून होते. मी खुणेने विचारलं, झोप येत नाही का? त्यांनी कानावर हात ठेवला आणि पंजा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवला. धोट्याची खूण. साचे चालू आहेत.

बाहेरचं काही ऐकू येत नसलेल्या त्या माणसाच्या कानांत गिरणी अजून चालू होती. संप होऊन तीस वर्षं झाली होती, गिरणीच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला होता, आणि हे खातं बंद करायचं बटण त्यांना कोणीच दिलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले. चाळ झोपली होती. अभ्यासाला इतकी छान शांतता मला त्या खोलीत कधी मिळाली नव्हती.